पगार, रात्रपाळी आणि हृदयविकार : अल खर्ज काय सांगते?

एकाच गावात राहणाऱ्या, एकाच वयाच्या दोन मराठी माणसांचा हृदयविकाराचा धोका वेगळा का असतो? शिक्षण, रोजगार, उष्मा, कर्ज आणि रुग्णालयाचे अंतर यांचा हृदयाशी असलेला संबंध उलगडणारा लेख.

रियाधच्या आग्नेयेस सुमारे ८० किलोमीटरवर, नेज्दच्या रखरखीत पठारावर अल खर्जचा हिरवा पट्टा पसरलेला आहे. जुने झरे आणि भूगर्भातील पाणी यांच्या आधाराने येथे पूर्वीपासून शेती टिकून राहिली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस राजे अब्दुलअझीझ यांच्या कारकिर्दीत येथे सरकारी कृषिप्रकल्प उभा राहिला आणि पुढील अर्धशतकात हा परिसर सौदी अरेबियाच्या दुग्धव्यवसायाचे केंद्र बनला. आखातातल्या बकाल्यांत दिसणारे दूध, दही आणि लबन यांचा मोठा वाटा याच भागातील अजस्र गोठ्यांतून येतो. त्याच्या जोडीला लष्करी उद्योग, हवाई तळ, लहानमोठे कारखाने आणि प्रिन्स सत्ताम बिन अब्दुलअझीझ विद्यापीठ यांनी या शहराला आजचे रूप दिले. गोठे, कारखाने, बांधकामे आणि दुकाने चालवणाऱ्या हातांत भारतीय हातांची संख्या मोठी आहे. सौदी अरेबियात आज सुमारे २५ लाख भारतीय राहतात.

अशा शहरात दोन मराठी माणसांची कल्पना करावी. एक मूळचा पुण्याचा अभियंता. प्रक्रिया प्रकल्पातील यंत्रणा सांभाळणारा, कुटुंबासह राहणारा. दुसरा रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातून आलेला, चाऱ्याची मालमोटार चालवणारा, पाच जणांबरोबर एका खोलीत राहणारा. दोघांचे वय ४५. दोघेही धूम्रपान करत नाहीत. दोघांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर समजा अगदी सारखी आहे. नेहमीच्या वैद्यकीय तक्त्यात हे आकडे भरले, तर पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता दोघांच्या बाबतीत एकच निघेल. प्रत्यक्षात ती एक असण्याची शक्यता फार कमी आहे.

हा फरक काही देशांनी आता थेट हिशेबात धरला आहे. ब्रिटनमध्ये २००७ पासून वापरात आलेल्या ‘क्यूरिस्क’ या गणनपद्धतीत रुग्णाचे वय आणि रक्तदाब यांच्याबरोबर त्याच्या घराचा पोस्टकोड विचारला जातो, कारण वस्तीची आर्थिक स्थिती त्यावरून कळते. पुढील आवृत्तीत वंशाचाही समावेश झाला आणि दक्षिण आशियाई व्यक्तींचा धोका स्वतंत्रपणे मोजला जाऊ लागला. हृदयविकाराचे अनुमान करताना माणसाचा पत्ता विचारणे हे वैद्यकशास्त्राने सहज स्वीकारलेले नाही. त्यामागे पन्नास वर्षांहून अधिक काळाचे संशोधन आहे.

पायरीगणिक बदलणारा धोका

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकार हा श्रीमंतांचा, जबाबदारीच्या ओझ्याखाली वाकलेल्या वरिष्ठांचा आजार मानला जाई. या समजुतीला पहिला मोठा तडा लंडनमध्ये गेला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सुमारे १८ हजार पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांची तपासणी करून पुढे अनेक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. मायकल मार्मट, जेफ्री रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई आणि निरोप्ये यांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च प्रशासकांच्या तुलनेत साडेतीन पटींहून अधिक असल्याचे दिसले.

हे सर्व कर्मचारी एकाच शहरातले, सुरक्षित नोकरीतले आणि मोफत सरकारी आरोग्यसेवेचा लाभ मिळणारे होते. त्यांच्यात कोणीही रूढ अर्थाने दरिद्री नव्हता. तरीही श्रेणीची प्रत्येक पायरी खाली उतरताना धोका थोडा थोडा वाढत होता. खालच्या श्रेणीत धूम्रपान अधिक होते, हे खरे. परंतु धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही तफावतीचा मोठा भाग शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला आणि त्यात स्त्रियांचाही समावेश करण्यात आला. त्यातून पुढे आलेली महत्त्वाची बाब म्हणजे कामावरील नियंत्रण. काम किती वेगाने करायचे, विश्रांती केव्हा घ्यायची, आजचे काम उद्यावर ढकलता येईल का, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक होते. सततच्या ताणाने शरीरातील अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसोल यांची पातळी चढी राहते, रक्तदाब वाढतो, झोप बिघडते, साखरेचे नियमन विस्कळीत होते आणि रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला सूज येते. वरिष्ठालाही ताण असतो. पण बैठक पुढे ढकलण्याची मुभा त्याला असते. मालमोटारीची फेरी पुढे ढकलण्याची मुभा चालकाला नसते.

विकसनशील देशांत ही दरी अधिक खोल आहे. २० देशांतील दीड लाखाहून अधिक लोकांचा मागोवा घेणाऱ्या ‘प्युअर’ अभ्यासाचे २०१९ मधील निष्कर्ष लक्षणीय आहेत. अल्प उत्पन्नाच्या देशांत कमी शिकलेल्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात यांसारख्या गंभीर घटनांचे प्रमाण उच्चशिक्षितांच्या दुपटीहून अधिक आढळले. घरातील संपत्तीपेक्षा शिक्षणाची पातळी ही धोक्याची अधिक ठळक खूण ठरली. आश्चर्य असे की त्या देशांतील कमी शिकलेल्यांमध्ये परिचित जोखीमघटकांचे ओझे त्या प्रमाणात अधिक नव्हते. फरक पडत होता तो मुख्यतः उपचार मिळण्यात.

भारतातील चित्र याहून वेगळे नाही. राजस्थानातील ग्रामीण भागात राजीव गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशिक्षित आणि अल्पशिक्षितांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण शिकलेल्यांपेक्षा अधिक दिसले होते. हृदयविकार हा सुखवस्तूंचा आजार आहे, ही समजूत तीस वर्षांपूर्वीच कालबाह्य झाली होती.

पुण्याजवळच्या गावांतून मिळालेला धागा

दोन्ही मराठी माणसांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र समान आहे, आणि ती गर्भावस्थेपर्यंत मागे जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या गावांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची अपत्ये यांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. या गावांतील नवजात बालके सरासरी २.७ किलो वजनाची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बालके ३.५ किलोची होती. परंतु पुण्याच्या बालकांमध्ये स्नायू आणि अवयव लहान असूनही चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. बारीक दिसणारी, पण आतून चरबी बाळगणारी ही शरीरयष्टी पुढे जगभरच्या वैद्यकीय चर्चेत आली.

याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले छायाचित्र याच कारणाने प्रसिद्ध आहे. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३ असा अगदी सारखा होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

गर्भात पोषण तुटपुंजे मिळाले की शरीर काटकसरीने वाढते आणि पुढे अन्नाची रेलचेल झाली की तीच काटकसर मधुमेह आणि हृदयविकार यांच्या रूपाने अंगाशी येते, असे हे सूत्र आहे. म्हणजे आजीच्या पिढीतील दुष्काळ, आईच्या गरोदरपणातील उपासमार आणि शेतातले कष्ट यांचा हिशेब नातवाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. आजचा सुस्थित अभियंता कदाचित दोनच पिढ्यांपूर्वी हातातोंडाची गाठ पडण्याची भ्रांत असलेल्या घरातून आला असेल.

त्याचे परिणाम परदेशी गेलेल्या भारतीयांत फार पूर्वी दिसू लागले. लंडनच्या साउथॉल भागातील दक्षिण आशियाई लोकांत पोटाभोवतीची चरबी आणि इन्सुलिनला न जुमानणारे शरीर यांचे प्रमाण अधिक असल्याचे १९९१ मध्ये पॉल मॅक्किग आणि सहकाऱ्यांनी दाखवले. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासाच्या विश्लेषणानुसार दक्षिण आशियाई व्यक्तीला हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी वयाच्या ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत हेच वय ५९ च्या जवळपास आहे. नोकरीची ऐन उमेद, मुलांची शिक्षणे आणि गृहकर्जाचे हप्ते चालू असताना हा आजार गाठतो, आणि घरातील एकमेव कमावता माणूस गेला की त्या कुटुंबाची आर्थिक पायरीही खाली घसरते.

अल खर्जची दुपार आणि रात्र

आखातात कामासाठी येणारा माणूस येताना बहुधा धडधाकट असतो. मुंबईतील ठरावीक केंद्रांत वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण झाल्याखेरीज त्याला व्हिसा मिळत नाही. क्षयरोग, कावीळ, एचआयव्ही यांसारखे संसर्गजन्य आजार शोधणे हा त्या तपासणीचा मुख्य हेतू असतो. पुढील दहा वर्षांत हृदयावर काय बेतेल, याचा विचार त्यात अभिप्रेत नसतो. प्रकृती बिघडते ती येथे आल्यावर, हळूहळू आणि अनेक बाजूंनी.

पहिली बाजू उष्म्याची. नेज्दच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा उष्णतेत शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते. घामावाटे पाणी आणि क्षार जातात, रक्ताचे आकारमान घटते आणि उरलेल्या रक्तावर तेच काम भागवण्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात. त्यात अंगमेहनत असली तर स्नायूही रक्त मागतात. आधीच अरुंद झालेल्या हृदयवाहिनीला ही ओढाताण सोसत नाही.

शेजारच्या कतारमधील नेपाळी कामगारांचा २०१९ मध्ये ‘कार्डिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात मूलभूत मानला जातो. २००९ ते २०१७ या काळात तेथे मरण पावलेल्या १,३५४ नेपाळी कामगारांपैकी ५७१ जणांच्या मृत्यूचे कारण हृदय वा रक्तवाहिन्यांशी निगडित नोंदवले गेले होते. उष्ण महिन्यांत हे मृत्यू स्पष्टपणे वाढत होते. उष्म्यापासून पुरेसे संरक्षण मिळाले असते, तर त्यांतील सुमारे २०० मृत्यू टळू शकले असते, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे कामगार प्रामुख्याने तरुण होते, ही त्यातील सर्वांत विषण्ण करणारी बाब.

सौदी अरेबियात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करण्यास बंदी आहे. ही तरतूद निश्चितच उपकारक आहे. परंतु उष्मा दिनदर्शिका पाहून येत नाही. मे महिन्यातील दुपार आणि जुलैमधील सकाळचे अकरा यांनाही तितकाच दाह असू शकतो. कतारने २०२१ मध्ये बंदीची वेळ सकाळी १० ते दुपारी ३.३० अशी वाढवली आणि तापमान, आर्द्रता, ऊन व वारा यांचा एकत्रित निर्देशांक ३२.१ अंशांच्या पुढे गेला की वेळ कोणतीही असो, काम थांबवण्याचा नियम केला. शरीराला जाणवणाऱ्या उष्म्यावर आधारलेला हा मार्ग अधिक शास्त्रीय आहे.

दुसरी बाजू वेळेची. गाईंचे दूध दिवसातून अनेकदा काढावे लागते आणि शीतसाखळी क्षणभरही थांबत नाही. त्यामुळे दुग्धव्यवसायात रात्रपाळी अपरिहार्य असते. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१२ मध्ये ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. शरीरातील घड्याळ उलटेपालटे झाले की रात्रीचा उतरता रक्तदाब उतरत नाही आणि अवेळी खाल्लेले अन्न नीट पचत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अहवालानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. हा इशारा ‘ओव्हरटाइम’ करणाऱ्या चालकाइतकाच रात्री अकराला भारतातील कार्यालयाशी बैठका घेणाऱ्या अभियंत्यालाही लागू आहे.

तिसरी बाजू ताटातली. दिवसभर राबून खोलीवर आलेला माणूस जे स्वस्त आणि झटपट होईल ते शिजवतो. पांढरा भात, खुब्ज, भरपूर तेलातला रस्सा, दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा आणि तहान भागवायला शीतपेय. कोकणातल्या घरी ताटात येणारे ताजे मासे, कुळथाची पिठी आणि परसातली भाजी येथे दुर्मीळ होतात. फळे आणि भाज्या मिळत नाहीत असे नाही. परंतु घरी पाठवायच्या रकमेतून त्यांचे पैसे वजा होतात, आणि त्या हिशेबात नेहमी गावची बाजू जिंकते.

चौथी बाजू कर्जाची आणि एकटेपणाची. भारतीय नियमांनुसार भरती करणाऱ्या परवानाधारक एजंटाला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील कर याहून अधिक रक्कम घेता येत नाही. प्रत्यक्षात अनेकांना याहून किती तरी अधिक पैसे मोजावे लागतात आणि ते व्याजाने काढलेले असतात. कर्ज डोक्यावर असताना छातीत दुखते म्हणून रजा मागणे सोपे नसते. सौदी अरेबियाने मार्च २०२१ मध्ये अमलात आणलेल्या सुधारणांनी खासगी क्षेत्रातील कामगारांना ठरावीक अटींवर मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा दिली. हा मोठा बदल होता. मात्र घरकामगार, खासगी वाहनचालक, शेतमजूर, पशुपालक आणि माळी यांना त्या वेळी त्यातून वगळण्यात आले होते. अल खर्जसारख्या शेतीप्रधान भागात या वर्गवारीचा अर्थ वेगळा सांगायला नको. व्हाइटहॉलमधील ‘नियंत्रण’ या शब्दाचे येथे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

एकटेपणाला आपण भावनेचा विषय मानतो. हृदयविज्ञान त्याची गणती धोक्यात करते. नातेसंबंध तुटपुंजे असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१६ मधील एका विस्तृत विश्लेषणात आढळले. दोन वर्षांतून एकदा गावी जाणारा आणि मुलांची वाढ फोनच्या पडद्यावर पाहणारा माणूस या आकड्यात मोजला गेला आहे.

समृद्धीचा दुसरा चेहरा

हा प्रश्न केवळ स्थलांतरितांचा नाही. अल खर्जने दोन पिढ्यांत विहिरीवरून पाणी शेंदणाऱ्या वस्तीपासून वातानुकूलित शहरापर्यंतचा प्रवास केला आहे. ‘प्युअर’ अभ्यासाच्या सौदी शाखेने तपासलेल्या दोन हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे ६९ टक्के लोकांची शारीरिक हालचाल अपुरी होती, जवळपास निम्मे लठ्ठ होते आणि चौघांपैकी एकाला मधुमेह होता. विशेष म्हणजे मधुमेह, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब यांचे प्रमाण शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. गाव म्हणजे निरोगी, ही समजूत येथेही मागे पडली आहे. मोटारीशिवाय कोठेही जाता येत नाही असे रस्ते, वर्षातील पाच महिने बाहेर चालणे अशक्य करणारे हवामान आणि दारापर्यंत येणारे तळलेले खाद्यपदार्थ यांचा हा परिणाम आहे. कुटुंबासह राहणारा मराठी अभियंताही याच रस्त्यांवर आणि याच सवयींत राहतो.

रुग्णालयापर्यंतचे अंतर

आता दोघांपैकी प्रत्येकाला पहाटे तीन वाजता छातीत कळ आली, असे समजू.

हृदयवाहिनी बंद पडल्यावर हृदयाच्या स्नायूचा नाश मिनिटामिनिटाने वाढतो. वाहिनी उघडण्याचा सर्वोत्तम उपाय म्हणजे तातडीची अँजिओप्लास्टी, आणि ती जितकी लवकर तितका स्नायू वाचतो. अल खर्जमध्ये सरकारी आणि खासगी रुग्णालये आहेत. मोठी हृदयरोग केंद्रे मात्र रियाधमध्ये एकवटलेली आहेत. योग्य रुग्णालयाची निवड पहिल्या अर्ध्या तासात झाली नाही, तर ८० किलोमीटरचे अंतर फार मोठे होते.

अभियंत्याची पत्नी जागी होते, रुग्णवाहिका बोलावते, विम्याचे कार्ड काढते. त्याच्या पॉलिसीत मोठ्या रुग्णालयांची यादी असते आणि तो अरबी-इंग्रजीत आपली लक्षणे सांगू शकतो. चालक आधी ‘गॅस झाला असेल’ म्हणून पाणी पितो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पहाटेच्या पाळीला जायचे असते, म्हणून त्याला उठवत नाही. कामगारांना विमा देणे खासगी मालकांवर कायद्याने बंधनकारक आहे. परंतु पॉलिसीच्या वर्गाप्रमाणे रुग्णालयांची यादी बदलते आणि आपल्या यादीत काय आहे हे अनेकांना प्रसंग ओढवेपर्यंत माहीत नसते. सकाळी सहा वाजता तो पर्यवेक्षकाला फोन करतो. तीन तास गेलेले असतात.

हे वर्णन काल्पनिक असले तरी त्यामागील आकडे खरे आहेत. सौदी अरेबियातील ५० रुग्णालयांत झालेल्या हृदयविकार नोंदणीत २,२३३ रुग्णांचा समावेश होता. त्यांचे सरासरी वय ५६ होते, निम्म्याहून अधिक मधुमेही होते आणि रुग्णवाहिकेतून आलेल्यांचे प्रमाण केवळ ५ टक्क्यांच्या आसपास होते. बाकीचे मोटारीने, टॅक्सीने किंवा मित्राच्या गाडीने आले. टॅक्सीत ईसीजी निघत नाही आणि हृदय थांबले तर विजेचा झटका देणारे यंत्रही नसते.

उपचारातील असमानतेचा परिणाम किती होतो, हे भारतातील ‘क्रिएट’ नोंदणीने २००८ मध्ये नेमकेपणाने दाखवले. ८९ केंद्रांतील २० हजारांहून अधिक रुग्णांत, झटका आल्यापासून ३० दिवसांत मरण पावलेल्यांचे प्रमाण गरिबांत ८.२ टक्के आणि श्रीमंतांत ५.५ टक्के होते. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतला, तेव्हा मृत्यूंमधील ही तफावत नाहीशी झाली. गरिबांचे हृदय मुळात दुबळे होते असे नाही. त्यांना औषधे आणि शस्त्रक्रिया कमी मिळाल्या. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच हा नियम मांडला होता : चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते.

दाखल्यावरचे दोन शब्द

माणूस वाचला नाही, तर असमानता त्याच्या मृत्यूनंतरही संपत नाही. ‘व्हायटल साइन्स’ या आशियाई व आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त उपक्रमाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार आखाती देशांत दरवर्षी दक्षिण आणि आग्नेय आशियातील सुमारे १० हजार स्थलांतरित कामगार मरण पावतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यूंचे खरे कारण उलगडत नाही. दाखल्यावर ‘नैसर्गिक कारण’ किंवा ‘हृदयक्रिया बंद पडणे’ एवढेच लिहिलेले असते. हृदयक्रिया प्रत्येकाचीच अखेर बंद पडते; ती का बंद पडली, हा खरा प्रश्न आहे.

या शब्दांना आर्थिक किंमत आहे. इमिग्रेशन तपासणी आवश्यक असलेल्या प्रवर्गातील कामगारांना बंधनकारक असलेली ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण देते. उष्म्याने घेतलेला बळी ‘नैसर्गिक’ ठरला, तर कुटुंबाच्या हाती फार थोडे उरते. मनीऑर्डरीवर उभ्या राहिलेल्या कोकणातील घरांत त्याचा अर्थ मुलीचे शिक्षण थांबणे असाही होऊ शकतो. आणि कमी शिक्षण म्हणजे पुढच्या पिढीच्या हृदयाला अधिक धोका, हे वर आलेच आहे.

बदल कोठे शक्य आहे?

परिस्थिती बदलली की हृदयविकार घटतो, याचा सर्वांत बोलका पुरावा एका दुग्धप्रधान प्रदेशानेच दिला आहे. फिनलंडच्या पूर्वेकडील उत्तर करेलियात १९७० च्या सुमारास पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू जगात सर्वाधिक प्रमाणात होत होते. लोणी, मलईयुक्त दूध, मीठ आणि तंबाखू हे तेथील जीवनाचे अंग होते. १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रकल्प सुरू झाला. गृहिणींच्या संघटनांनी पाककृती बदलल्या, दुग्धसंस्थांनी कमी चरबीचे दूध बाजारात आणले, काही गोपालक शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवण्यात आले. चार दशकांत कामाच्या वयातील पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. प्रत्येक व्यक्तीला उपदेश करण्यापेक्षा दुकानात, कारखान्यात आणि स्वयंपाकघरात काय उपलब्ध आहे ते बदलण्यावर तेथे भर होता.

सौदी अरेबियानेही या दिशेने ठोस पावले टाकली आहेत. २०१७ मध्ये तंबाखू आणि ऊर्जापेयांवर १०० टक्के, तर शीतपेयांवर ५० टक्के कर लावण्यात आला. कृत्रिमरीत्या घट्ट केलेल्या तेलांवर २०२० पासून बंदी आली आणि ट्रान्स फॅटच्या निर्मूलनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये गौरवलेल्या पहिल्या पाच देशांत सौदी अरेबियाचा समावेश झाला.

उरलेला भाग कामाच्या ठिकाणचा आहे, आणि तेथे मराठी व्यावसायिकांचा शब्द चालतो. आखातातील अनेक मराठी अभियंते, व्यवस्थापक, मनुष्यबळ अधिकारी आणि डॉक्टर पाळ्यांची तक्ते, मेसचे कंत्राट, विम्याची श्रेणी आणि विश्रांतीची सोय ठरवणाऱ्या टेबलांवर बसलेले असतात. रात्रपाळ्या सलग किती लावायच्या, मेसमध्ये डाळ-भाजीचे प्रमाण किती असावे, सावली आणि पाणी कामाच्या जागेपासून किती पावलांवर हवे, चाळिशीनंतरच्या कामगारांची साखर व रक्तदाब वर्षातून एकदा तपासायचा का, हे निर्णय त्यांच्या सहीने होतात. प्रत्येक खोलीच्या दारामागे मराठी, हिंदी, उर्दू आणि बंगालीत एक कागद लावता येतो : छातीत दाब, दरदरून घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण धाप यांपैकी काही जाणवले, तर वाट न पाहता रेड क्रेसेंटच्या ९९७ या क्रमांकावर फोन करा. मधुमेहींमध्ये वेदना न होताही झटका येऊ शकतो, हेही त्यावर लिहावे. त्या कागदाखाली आपल्या विम्यात कोणते रुग्णालय बसते, त्याचे नाव असावे.

स्वतःच्या बाबतीतही थोडी दक्षता हवी. दक्षिण आशियाई शरीराचे वजन काट्यावर ठीक दिसले तरी पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असे भारतीयांसाठीचे निकष सांगतात. तिशीनंतर साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांची तपासणी नियमित व्हावी. सुरू केलेली औषधे सुट्टीवर गावी गेल्यावर, नोकरी बदलल्यावर किंवा विमा संपल्यावर खंडित होऊ देऊ नयेत; कारण पुन्हा झटका येऊ नये म्हणून द्यावयाची साधी, स्वस्त औषधे अल्प उत्पन्नाच्या देशांत दहापैकी आठ रुग्णांना मुळीच मिळत नसल्याचे ‘प्युअर’ अभ्यासाने २०११ मध्ये दाखवले होते.

अल खर्जमधल्या त्या दोन काल्पनिक माणसांकडे पुन्हा पाहिले, तर दोघांच्या रक्तातील आकडे अजूनही सारखेच आहेत. त्यांच्यातील अंतर पाळीच्या तक्त्याने, विम्याच्या कार्डाने, खोलीतल्या खाटांच्या संख्येने आणि कर्जाच्या वहीने पाडलेले आहे. यांपैकी निदान पहिल्या तीन गोष्टी त्याच शहरात, कदाचित त्याच कंपनीत ठरतात. ज्या अभियंत्याने आपल्या घरी ९९७ हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे, तो हाच कागद येत्या आठवड्यात कामगारांच्या खोल्यांतही लावू शकतो.